पिकअपला झेनॉन हेडलाइट बसवताना: कामाच्या नोंदी

४ ऑक्टोबर

वर्षभर पुढं ढकललेलं हेडलाइटचं काम आज हातात घेतलं. गाडी बाकी ठणठणीत आहे, इंजिनची काही तक्रार नाही, पण डिपरवर (जवळच्या, खाली झुकलेल्या उजेडावर) चालवताना पुढचा रस्ता तांबूस पिवळा दिसतो आणि कडेचं तर काहीच दिसत नाही, आणि माझं निम्मं ड्रायव्हिंग पहाटे चारच्या आसपास असतं, रस्त्याला दिवे नाहीत. मागच्या आठवड्यात कडेनं चाललेला एक सायकलवाला अगदी जवळ गेल्यावर दिसला. सायकलला मागं लाल काचसुद्धा नव्हती. काही झालं नाही, तो गेला, मी गेलो, पण त्या माणसाला वाटलं असणार की एवढी मोठी गाडी मागून येतीये तर तिला मी दिसतच असेन, आणि तो मला दिसलाच नव्हता. ते डोक्यातून जात नाहीये.

काही विकत घ्यायच्या आधी आहे त्याची अवस्था बघू म्हटलं. एच४ चे ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब (एकाच बल्बमध्ये डिपरची आणि अप्परची, म्हणजे लांबच्या उजेडाची, अशा दोन तारा), रिफ्लेक्टरवाले म्हणजे मागं आरसा असलेले दिवे. इंजिन चालू ठेवून, डिपर लावून मल्टिमीटर फिरवला. बॅटरीच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट. बल्बच्या सॉकेटमागं ११.७. म्हणजे मधल्या मधे २.४ व्होल्ट गायब. स्विच, पातळ वायर, गंजलेलं अर्थिंग, सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लंय. हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज पाच टक्के पडलं की उजेड पाच टक्के नाही, पंधरा-सोळा टक्के पडतो. माझं सतरा टक्के पडलंय. हिशोब केला तर जेवढा मिळायला हवा त्याच्या निम्माच उजेड मिळतोय.

७ ऑक्टोबर

दोन दिवस संध्याकाळी बसून रिले हार्नेस केला, म्हणजे दिव्यांसाठी वेगळी वायरिंग. रिले म्हणजे छोट्या करंटच्या हुकमानं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीवरून जाड वायर, लगेच फ्यूज, दोन रिले, जुनी सॉकेटची वायर आता फक्त रिलेला हुकूम द्यायला, दिव्याचा करंट तिच्यातून जातच नाही. अर्थिंगचा बोल्ट काढून खालचा रंग खरवडला, नवीन थिंबल दाबून लावलं. आता सॉकेटला १३.६ व्होल्ट.

फरक खूप आहे, मनापासून सांगतो. ज्याला झेनॉन बसवायचंय त्यानं आधी हे करावंच, कितीतरी जणांचं काम इथंच संपेल आणि संपलं तर चांगलंच आहे. माझं नाही संपलं. पुढचं बऱ्यापैकी दिसायला लागलं, पण दोन्ही बाजूंची रुंदी अजून कमी पडते आणि मला हवीये ती तीच, कारण माणसं आणि जनावरं कडेलाच असतात. केलेली वायरिंग वाया जाणार नाही, झेनॉनलाही बॅटरीवरूनच सप्लाय लागतो.

९ ऑक्टोबर

आज नुसतं वाचन आणि कागदावर हिशोब.

एच४ चं डिपर साधारण १००० लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), अप्पर १६५०. डी२एस नावाचा झेनॉन बल्ब ३५ वॉटमध्ये ३२०० लुमेन देतो. कमी वीज आणि तिप्पट उजेड, कारण आत तापून लाल होणारी तार नाहीच. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार, दोन टंगस्टनच्या टोकांमधे सुमारे चार मिलिमीटरची फट, त्या फटीत विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची. पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, एकदा पेटली की डी२एसला ८५ व्होल्टच्या आसपास पुरतात. ते काम बॅलास्ट नावाचा छोटा इलेक्ट्रॉनिक डबा करतो. सुरुवातीच्या क्षणी जो उजेड दिसतो तो झेनॉन वायूचा, क्षार तापून वाफ झाली की खरा उजेड येतो, म्हणून हे दिवे लावल्यावर तीन-चार सेकंद रंग बदलत बदलत स्थिर होतात.

कारमध्ये हे पहिल्यांदा १९९१ ला बीएमडब्ल्यूच्या ७ सिरीजमध्ये आलं. आता नव्या गाड्या एलईडीवर गेल्यात, पण माझ्या पिकअपच्या मापाचा नीट फोकस असलेला दिवा मला झेनॉनमध्येच दिसतोय त्यामुळं तिकडंच जायचं.

रंगाचं आजच ठरवून टाकलं, ४३०० केल्विन (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा वाढेल तसा उजेड निळा). कंपनीतून येणाऱ्या झेनॉन गाड्यांना हाच असतो. ६०००, ८००० लिहिलेले बल्ब निळसर दिसतात आणि लोकांना निळं म्हणजे जास्त पॉवरचं वाटतं, आहे उलटं, केल्विन वर जाईल तसे लुमेन कमी होतात आणि समोरच्याच्या डोळ्याला निळा उजेड जास्त टोचतो. दोन्हीकडून तोटा.

१२ ऑक्टोबर

दादाच्या एका मित्राकडं एच४ चं झेनॉन किट पडून होतं, जुना बल्ब काढा नि हा घाला, असलं. दादा म्हणाला, आधी डोळ्यांनी बघ, मग बोल. एका बाजूला किट लावलं, दुसऱ्या बाजूला हॅलोजन तसाच ठेवला, गाडी भिंतीसमोर उभी केली.

हॅलोजनच्या बाजूला भिंतीवर स्वच्छ रेघ दिसते, खाली उजेड, वर अंधार, आणि कडेकडं रेघ थोडी वर चढते. किटच्या बाजूला रेघच नाही. खाली मधोमध एक काळपट भोक, त्याच्या दोन्हीकडं पांढरे ठिपके, आणि रेघेच्या वर जिथं काहीच पडायला नको तिथं भिंतीवर छतापर्यंत पांढरा धूर पसरल्यासारखा उजेड. गाडीत बसून बघितलं तर वाटतं वा काय लख्ख झालं. खाली उतरून दिव्यासमोर पंधरा पावलं जाऊन वळलो, डोळे मिटावे लागले.

कारण साधं आहे. रिफ्लेक्टरचा एकेक पैलू त्या छोट्या तारेची जागा धरून घडवलेला असतो, मिलिमीटरच्या अंशात. एच४ मध्ये डिपरच्या तारेखाली एक छोटी वाटी असते, ती खालच्या बाजूचा उजेड अडवते म्हणून वरती अंधार राहतो. ठिणगीचा आकार वेगळा, ती मधे वर वाकलेली असते, दोन टोकांना जास्त तेजाळ. तारेसाठी घडवलेल्या आरशात ती ठेवली की आरसा भलतीकडंच उजेड फेकणार. अमेरिकेत तर हॅलोजनच्या दिव्यात असलं किट घातलेलं नियमातच बसत नाही. किट काढून परत दिलं. हा रस्ता बंद.

१५ ऑक्टोबर

आजचा दिवस सगळ्यात महत्त्वाचा, पुढचं सगळं काम या दिवसामुळं बदललं.

भिंतीवर रेघ बघताना डोक्यात आलं की गाडी रिकामी आहे. पण ही पिकअप आहे, रिकामी असते कधी? म्हणून वाळूच्या पन्नास किलोच्या दहा गोण्या हौद्यात टाकल्या, सगळ्या मागच्या चाकांच्या वर. आधी आणि नंतर मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजली. मागं ६ सेंटीमीटर बसली, पुढं फरक जवळजवळ नाही. मागं स्प्रिंगचे पाटे आहेत, बसणारच.

आता हिशोब. दिव्याचा मध्य जमिनीपासून ९२ सेंटीमीटर. बोनेटखालच्या स्टिकरवर फोकस १.२ टक्के खाली ठेवा असं छापलंय, म्हणजे दहा मीटरवरच्या भिंतीवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा १२ सेंटीमीटर खाली, ८० वर. रिकाम्या गाडीत तिथंच होती. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर. मागं ६ सेंटीमीटर बसली म्हणजे अख्खी गाडी १.९ टक्के नाक वर करून उभी. १.२ खाली होता तो फोकस आता ०.७ टक्के वर. भिंतीवर बघितलं, रेघ ९९ वर. कागद आणि भिंत तंतोतंत जुळली.

पन्नास मीटरवर काय होतं ते काढलं तर उजेडाची वरची कड जाते १२८ सेंटीमीटरच्या आसपास. समोरून येणाऱ्या कारवाल्याचे डोळे त्याच्या खालीच असतात. म्हणजे मी माल भरून निघालो की समोरच्या प्रत्येकाच्या डोळ्यात माझं डिपर जातंय, आणि आजवर जातच होतं, फक्त हॅलोजन मिणमिणते होते म्हणून कुणी डिपर मारून शिव्या दिल्या नाहीत एवढंच. त्याच जागी तिप्पट उजेडाचा दिवा बसवला असता तर?

डॅशबोर्डवर दिव्यांचा फोकस खाली घ्यायचं लेव्हलचं छोटं चाक आहे, शून्य ते तीन. मी ते किती वेळा फिरवलंय? आठवत नाही. पहाटे माल भरताना, रस्सी बांधताना, ताडपत्री ओढताना ते चाक आठवणार नाही, आणि रिकामं परतताना पुन्हा शून्यावर आणणं तर त्याहून आठवणार नाही. माणसाच्या आठवणीवर हे सोडायचं नाही. बल्ब कुठला हा प्रश्न आता दुसऱ्या नंबरवर, पहिला प्रश्न लेव्हल.

१९ ऑक्टोबर

नियम वाचले तर तिथंही हेच निघालं. युरोपात आणि बऱ्याच देशांत चालणारा संयुक्त राष्ट्रांचा ४८ नंबरचा नियम सांगतो की डिपरचा बल्ब २००० लुमेनच्या वरचा असेल तर आपोआप लेव्हल होणारी यंत्रणा पाहिजे आणि काच धुणारा वॉशरही पाहिजे. पूर्वी मला हा वॉशर म्हणजे महागड्या गाड्यांची चैन वाटायची. काचेवर चिखलाचे थेंब वाळले की उजेड त्यातून फुटून वरच्या अंधाऱ्या भागात जातो, म्हणजे भिंतीवर किटचा जो धूर दिसला तसाच, फक्त कमी. आता पटलं.

याच नियमामुळं २५ वॉटचे डी५एस, डी८एस असे बल्ब निघालेत, बरोबर २००० लुमेनचे, त्यांना वॉशर आणि ऑटो लेव्हल लागत नाही. माझ्या मापाच्या दिव्यात ते मिळाले नाहीत, मिळाले असते तरी पिकअपवर ऑटो लेव्हल मी लावलंच असतं.

राहिले दोन रस्ते. एक, आहेत ते दिवे उघडून आत प्रोजेक्टर (पुढं भिंग असलेला, उजेडाची रेघ कापणारा दिव्याचा भाग) बसवायचा. लोक ओव्हनमध्ये दिवा गरम करून काचेचा चिकटा सैल करतात, काच काढतात, आत प्रोजेक्टर घालून परत चिकटवतात. हाताला वळण असलेला माणूस हे सुंदर करतो, मी बघितलंय. पण दिव्याला मिळालेली मान्यता उघडल्यावर संपते आणि तपासणीत काय सांगणार. दोन, मुळातच झेनॉनसाठी बनवलेला आणि मान्यता घेतलेला अख्खा दिवा घ्यायचा. मी दुसरा घेतोय. आमच्याकडच्या वाहन तपासणीवाल्यांना आधीच जाऊन विचारलं, ते म्हणाले काचेवरच्या खुणा, लेव्हल आणि वॉशर तिन्ही बघणार. ज्यानं त्यानं आपल्या ठिकाणी हे आधी विचारावं, नंतर विचारून उपयोग नाही.

काचेवरच्या खुणा वाचायला शिकलो. माझ्या जुन्या दिव्यावर एचसीआर आहे, एच म्हणजे हॅलोजन, सी म्हणजे डिपर, आर म्हणजे अप्पर. झेनॉनच्या दिव्यावर एच च्या जागी डी लागतो. वर्तुळातला ई आणि त्याच्या शेजारचा आकडा म्हणजे कुठल्या देशानं मान्यता दिली ते. आणि एक बारीक बाण. डावीकडून वाहतूक चालते तिथल्यासाठीच्या दिव्यावर, आपण दिव्याकडं तोंड करून उभं राहिलो तर उजवीकडं दाखवणारा बाण असतो, उजवीकडच्या वाहतुकीच्या दिव्यावर बाण नसतो, दोन्हीकडं टोक असलेला बाण असेल तर दोन्हीला फिरवता येतो. हे बघितलं नाही तर रेघेची चढती बाजू कडेच्या माणसावर पडायच्या ऐवजी समोरच्या गाडीवर पडते. विकणारे याच्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत, दोघांना विचारलं, दोघांनाही बाण माहीत नव्हता.

ठरलं ते असं: डीसी आणि एचआर खुणा असलेला अख्खा दिवा, डिपरला प्रोजेक्टरमध्ये डी२एस, अप्परला वेगळा हॅलोजन. मागच्या अॅक्सलवर सेन्सर असलेलं ऑटो लेव्हल. बंपरमधून काच धुणारे नोझल.

२ नोव्हेंबर

सामान आलं. दिवे हातात घेऊन खिडकीपाशी नेले आणि पहिल्यांदा बाण बघितला, बरोबर आहे. एका दिव्याच्या मागच्या रबरी झाकणाची कड दुमडून बसली होती, तशीच राहिली असती तर आत ओल गेली असती, काढून नीट बसवली.

बल्ब बसवताना सुती हातमोजे घातले. बोटाचं तेल क्वार्ट्झला लागलं की तिथं जास्त तापतं आणि कुपी लवकर जाते. डी२एसच्या बुडाला खाचा आहेत, एकाच पद्धतीनं बसतो, वर स्प्रिंगची तार अडकवायची. तार अडकल्यावर बल्ब हलवून बघितला, जराही हलायला नको आणि हलत नाही. डी२एस आणि डी२आर दिसायला सारखे, आर वर काळे पट्टे असतात कारण तो रिफ्लेक्टरसाठी, प्रोजेक्टरला एस. खोक्यावर न बघता बल्बवर बघावं.

८ नोव्हेंबर

ग्रिल काढली, बंपर सैल केला, जुने दिवे दहाच्या पान्यानं सुटले. एक बोल्ट गंजून धरला होता त्यानं तासभर घेतला. नवीन दिवे जागेवर बसले पण डावीकडं फेंडरशी फट दोन मिलिमीटर जास्त दिसते, ब्रॅकेटच्या भोकात जागा होती तेवढं सरकवून घेतलं.

बॅलास्ट दिव्याच्याच बुडाला स्क्रूनं बसतो, मधे गॅस्केट. तो जोडताना बॅटरीचं निगेटिव्ह काढून ठेवलं आणि यापुढंही दिव्याच्या मागं हात घालायचा तर असंच करणार, वीस हजार व्होल्ट ही खेळायची गोष्ट नाही. बॅलास्टकडं जाणाऱ्या वायरला खाली एक लोंबता वळसा ठेवला म्हणजे पाणी वायरवरून ओघळून कनेक्टरमध्ये न जाता वळशाच्या तळाशी गळून पडेल.

९ नोव्हेंबर

वायरिंगचा दिवस, आणि अडलं.

नवीन हार्नेस जोडला, स्विच दाबला, रिले टक् सुद्धा करत नाही. माझा आधीचा हार्नेस मी माझ्या गाडीचं बघून केला होता, हा तयार आलेला. अर्धा तास फ्यूज आणि कनेक्टर बघण्यात घालवला. मग टेस्ट लॅम्प लावल्यावर आठवलं की माझ्या गाडीत पॉझिटिव्ह कायम सॉकेटवर असतं आणि स्विच निगेटिव्ह जोडतो-तोडतो. तयार हार्नेस उलटं धरून बनवलेला. रिलेच्या कॉइलचं एक टोक कायमच्या पॉझिटिव्हला आणि दुसरं स्विचच्या निगेटिव्हला नेलं, टक् झालं.

पुढचा प्रश्न अप्परचा. एच४ च्या गाडीत अप्पर लावलं की डिपर विझतं. झेनॉनला हे चालत नाही. गरम बल्ब विझवून लगेच परत पेटवणं त्याच्या जिवावर येतं, पेटला तरी पूर्ण उजेडाला वेळ लागतो, आणि त्या ४८ नंबरच्या नियमातही आहे की डिपर झेनॉन असेल तर अप्पर चालू असताना ते चालूच राहिलं पाहिजे. म्हणून डिपर आणि अप्पर दोन्ही वायरींपासून डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा भाग) लावून डिपरच्या रिलेला नेले, कुठलंही एक चालू असलं तरी झेनॉन पेटता राहील. लावले, आणि काहीच होईना. डायोडवरचा पांढरा पट्टा मी कागदावरच्या आकृतीसारखा रिलेकडं ठेवला होता, ती आकृती पॉझिटिव्ह स्विचच्या गाडीची. माझ्याकडं पट्टा स्विचकडं पाहिजे. दोन्ही उलटे करून सोल्डर केलं, श्रिंक स्लीव्ह चढवली, चाललं.

पहिल्यांदा दोन्ही पेटले तेव्हा जांभळट झाक, मग पांढरा, आणि चार-पाच सेकंदांत स्थिर. दोन्ही एकाच रंगाचे. मी कितीतरी वेळ नुसता बघत उभा राहिलो.

१० नोव्हेंबर

सकाळी लक्षात आलं की कालचा उपाय अर्धाच आहे. दिवसा कुणाला इशारा द्यायला डिपर मारला, म्हणजे अप्पर क्षणभर लावलं, की अप्परच्या वायरवरून डायोडमार्फत झेनॉनही पेटायचा प्रयत्न करतो, अर्ध्या सेकंदासाठी. असं रोज दहा वेळा केलं तर बल्ब किती टिकणार.

स्टिअरिंगखालचं कव्हर उघडलं आणि एकेक वायर टेस्ट लॅम्पनं तपासली. एक सापडली, हेडलाइटच्या स्विचच्या दुसऱ्या खटक्याला चालू होते, डिपर-अप्पर काहीही करा ती तशीच राहते, आणि इशाऱ्याच्या वेळी तिला काही होत नाही. हीच पाहिजे होती. डिपरचा रिले तिच्यावर घेतला, डायोड काढून टाकले. कमी सामान, कमी सांधे. आधीच शोधायला हवी होती.

१६ नोव्हेंबर

ऑटो लेव्हल. सेन्सर म्हणजे मुठीत मावेल एवढा डबा, त्याला बोटभर लांब दांडा, दांडा फिरला की व्होल्टेज बदलतं. डबा चासीला बसवायचा, दांड्याच्या टोकाला लिंक आणि लिंकचं दुसरं टोक अॅक्सलवरच्या ब्रॅकेटला. माल भरला की चासी अॅक्सलच्या जवळ येते, दांडा वर फिरतो, कंट्रोलचा डबा ते वाचून दोन्ही दिव्यांच्या मोटरला खाली झुकायला सांगतो. डॅशबोर्डच्या चाकाची सिग्नलची वायर काढून त्या जागी कंट्रोलची लावायची, मोटरला फरक कळत नाही.

बसवलं, गाडी हलवून बघितली, छान वरखाली. मग चाक काढायला म्हणून चासीला जॅक लावला, अॅक्सल खाली लोंबला आणि खट् आवाज आला. दांडा आणि लिंक एका रेषेत येऊन पलीकडं उलटले होते. गाडी खाली घेतली तरी ते तसेच उलटे. या अवस्थेत माल भरला असता तर कंट्रोलला वाटलं असतं गाडी वर उठतीये आणि त्यानं दिवे अजून वर केले असते, म्हणजे काहीच नसण्यापेक्षा वाईट. आणि हे रस्त्यावर एका मोठ्या खड्ड्यात होऊ शकतं, तिथं कुणाला कळणारही नाही. ब्रॅकेट चार सेंटीमीटर पुढं सरकवला, लिंक आखूड केली, आता अॅक्सल पूर्ण लोंबला तरी दांडा आणि लिंकमधे ठळक कोन राहतो. जॅकवर पाच वेळा वरखाली करून बघितलं.

सेन्सरची वायर ब्रेकच्या पाइपपासून आणि सायलेन्सरपासून लांब, चासीच्या आतून नेली.

१७ नोव्हेंबर

वॉशरचे नोझल, पंप आणि मोठी टाकी. बंपरला भोकं पाडायची होती म्हणून आधी कागदाचा साचा करून दोन्हीकडं लावून बघितला, मगच ड्रिल. काम सोपं, वेळखाऊ.

१८ नोव्हेंबर

फोकस लावला. घाई केली नाही.

दहा मीटरवर भिंत. जमीन डोळ्यांना सपाट दिसते त्यावर भरवसा ठेवला नाही, गवंड्याची पाण्याची लेव्हल ट्यूब घेऊन चारी चाकांच्या जागा आणि भिंतीचा तळ तपासला, भिंतीकडं दोन सेंटीमीटर उतार निघाला, तो भिंतीवरच्या खुणेत धरला. टायरमधली हवा बरोबर केली, डिझेल अर्धी टाकी, माझ्या सीटवर दादाला बसवलं कारण ड्रायव्हरचं वजनही मोजायचं असतं. गाडी चारी कोपऱ्यांवर दाबून सोडली म्हणजे पाटे आपल्या जागी येतात. कंट्रोलला रिकाम्या गाडीची लेव्हल शून्य म्हणून शिकवली.

मग एक दिवा झाकून दुसरा, असं एकेक. रेघ ८० वर आणली. झेनॉन प्रोजेक्टरची रेघ हॅलोजनसारखी मऊ नाही, सुरीनं कापल्यासारखी आहे, वरच्या कडेला निळसर धार दिसते. उजवा दिवा किंचित तिरका वाटला, एका टोकाला दीड सेंटीमीटर उतरलेला. दिवा ब्रॅकेटमध्येच वाकडा बसला होता, एका बोल्टखाली पातळ चकती घालून सरळ केला.

आता खरी परीक्षा. त्याच दहा गोण्या, त्याच जागी. मागं पुन्हा ६ सेंटीमीटर. रेघ आधी वर चढली आणि मग मोटरचा बारीक घुर्र आवाज येऊन हळूहळू खाली येत ८१ वर थांबली. ९९ च्या जागी ८१. दादा भिंतीपाशी टेप धरून उभा होता, त्यानं पुन्हा मोजलं, ८१च. पाच गोण्या काढल्या, ८०. सगळ्या काढल्या, ८०. दादा एवढंच म्हणाला, "झालं तुझं काम."

१९ नोव्हेंबर

रात्री अंधाऱ्या सरळ रस्त्यावर गेलो. पहिल्यांदा मी चालवली नाही. दादाला माझ्या भरलेल्या पिकअपमध्ये बसवून पलीकडं पाठवलं आणि मी त्याची कार घेऊन समोरून आलो, कारण मला जे बघायचं होतं ते समोरूनच दिसतं. लांबून दिवे पांढरे दिसतात, तेजाळ आहेत, पण डोळ्यात जात नाहीत, माझ्या बाजूची रस्त्याची कड मला दिसत राहते. फक्त रस्त्यात एक उंचवटा आहे तिथं पिकअपचं नाक वर झालं तेव्हा क्षणभर लख्ख आलं, ते कुठल्याही दिव्याचं होतं, झेनॉनचं जास्त टोचतं एवढं खरं. ऑटो लेव्हल माल बघतं, रस्त्याचे उंचवटे नाही, म्हणून अशा ठिकाणी समोरून कुणी येत असलं की मी वेग कमी करणार.

मग मी चालवली. रस्त्याच्या दोन्ही कडा, कडेचं गवत, त्याच्या पलीकडचा चर. पंचाहत्तर मीटरपर्यंत सपाट एकसारखा उजेड आणि तिथं रेघ. रेघेच्या पलीकडं अंधार जास्त गडद वाटतो, पहिले काही दिवस डिपरवर वेग वाढवायचा मोह आवरायला लागेल. दिवा रुंद झालाय, लांब नाही, लांबीला अप्परच.

३ डिसेंबर

तपासणी झाली. काचेवरच्या खुणा, वॉशर, रेघेची उंची, सगळं बघितलं. हौद्यात दोन माणसं उभी करून मोटर हलते का तेही बघितलं, त्यांनी स्वतःहून बघितलं याचं मला फार बरं वाटलं.

२१ डिसेंबर

महिन्याभरानं पुन्हा भिंत. रिकाम्या गाडीत डावा ८०, उजवा ७९. उजव्याचा स्क्रू अर्धा फेरा दिला. सेन्सरच्या लिंकचा खालचा नट थोडा सैल झाला होता, धुळीनं सांधा कोरडा पडलाय, तेल-ग्रीस लावून लॉकनट टाकला. हे आता दर वेळी सर्व्हिसिंगला बघायचं म्हणून डायरीत लिहून ठेवलं. दिव्यात ओल नाही, बॅलास्टचे कनेक्टर कोरडे. जुने हॅलोजन दिवे फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेत, भिंतीवरची ८० ची रेघ पेन्सिलची होती ती आज रंगानं ओढली.